म्हशींना पाठ झालेला सिनेमा

लग्नाच्या शूटिंगमध्ये नवरदेवाचा चेहरा एखाद्या वेळी हुकला तरी निभावून जातं. पण नवरीचा मामा फ्रेममधून सुटला, तर शूटिंगवाल्याला त्या गावात पुन्हा पाय ठेवता येत नाही. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांतल्या मांडवांत उभी हयात घालवल्यावर मला गवसलेलं हे ज्ञान आहे. कॅमेरा काय, कोणीही खांद्यावर घेतं. खरं कसब वेगळंच. मांडवात शिरताच ओळखायचं, की इथे रुसण्याची ताकद असलेला माणूस कोण. मग तो टोपी-टॉवेल घेत असो, वरण-बट्टी ओरपत असो, नाहीतर नुसता खुर्चीत बसून दात कोरत असो, त्याच्यावरून कॅमेरा सावकाश फिरवायचा आणि जाता जाता कानाशी लागून म्हणायचं, "भाऊ, आजच्या कॅसेटमध्ये तुम्हीच मेन."

एवढ्या एका वाक्यावर मी संसार केला. एका लग्नात मी हे वाक्य नवरीच्या मामाला, नवरदेवाच्या काकांना, आचाऱ्याला आणि बँडच्या मास्तरला सांगितलं होतं. चौघंही दिवसभर माझ्या कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि नवरा-नवरी कशीबशी मागे दिसली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शूटिंगवाल्याचं काय, उभं राहायचं नि बटण दाबायचं. तर त्या बटणाबद्दलच सांगतो. ते एकच असतं. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. गडबडीत एक दाब इकडचा तिकडे झाला, की पुढचा सगळा दिवस उलटा चालतो. सावद्याच्या एका लग्नात माझं तसंच झालं. मंगलाष्टकांच्या वेळी कॅमेरा बंद, आणि तो खाली धरून मी चालायला लागलो की चालू. घरी येऊन पाहतो तर लग्न नव्हतंच. माझ्या चपला होत्या, मांडवाची सतरंजी होती, आणि बट्टीच्या रांगेत उभ्या असलेल्या दोन मावश्यांचं नवरदेवाच्या नाकाबद्दलचं सविस्तर मत होतं. नवरीच्या वडिलांना मी तोंड वर करून सांगितलं, "सगळं अगदी नैसर्गिक आलंय." त्या घरात आजही पाहुणे जमले की तेच लावतात म्हणे. आता पेनड्राइव्हवर करून घेतलंय.

पण हसण्यावारी नेलं तरी या धंद्यातलं खरं दुःख एकच आहे: लग्नात रीटेक नसतो. वरमाला गळ्यात पडली की पडली. "परत एकदा घाला" म्हटलं, तर म्हातारी माणसं अशी बघतात की जणू आपण मोडतं घालायला आलोय. मी जन्मभर चुका केल्या आणि एकही दुरुस्त करायला मिळाली नाही. म्हणून सिनेमा काढायची माझी हौस होती. सिनेमात म्हणे, हवं तितक्या वेळा चुकता येतं.

ती हौस पुरी व्हायला उतारवय यावं लागलं. गावोगाव पोरं ड्रोन घेऊन आली, लग्नं वरून दिसायला लागली, आणि माझ्यासारखा जमिनीवरून शूटिंग करणारा माणूस मागे पडला. माझ्याबरोबर मागे पडला हिलाल. हा घोडीवाला. नवरदेवाच्या वरातीला त्याची पांढरी राणी ठरलेली. राणीचा स्वभाव सांगायला हवा. बँड वाजला की ती नाचायची, बँड थांबला की थांबायची. अधेमधे काही नाही. असोद्याच्या एका वरातीत बँडवाले चहाला गेले, तर राणी चौकात उभी ती उभीच. नवरदेव शेवटी चालत मांडवात आला. आता पोरं नवरदेवाला उघड्या जीपमधून आणतात, त्यामुळे राणी दिवसभर रवंथ करत नसली तरी तशाच तोंडाने उभी असायची.

तर असे आम्ही दोन रिकामे. मोबाइलवर अहिराणी विनोदी व्हिडिओ लाखांनी पाहिले जातात हे आम्हाला दिसत होतं. हिलाल म्हणाला, "भाऊ, सासू-सुनेवर बठ्ठा लोके काढतस. आपन घोडावाला काढूत."

सगळे लोक सासू-सुनेवर काढतात, तर आपण घोडेवाला काढू! मला लगेच लहानपणची टॉकीज आठवली. पडद्यावर गोरी माणसं हिंदीत बोलायची. गोष्ट बहुतेक एकच. एक बडा जमीनदार असतो, त्याने कुरण नाहीतर पाणी अडवलेलं असतं. गुरं राखणारे गरीब बिचारे त्याच्यापुढे हतबल. मग एक परका माणूस घोड्यावरून येतो. बोलतो कमी, थुंकतो जास्त. शेवटी भर दुपारी रस्त्यावर समोरासमोर उभं राहायचं, की झालं. मी म्हटलं, आपल्याकडे यातलं काय नाही? रखरखीत माळ आहे, बाभळी आहेत, धुरळा तर विकण्याइतका आहे. घोडी आहे. थुंकणारे तर गावात गल्लोगल्ली मिळतील. राहिली गुरं आणि जमीनदार.

ती दोन्ही आम्हाला पांझरा नदीच्या काठी एकाच गावात सापडली.

जागा बघायला गेलो तेव्हा गावाबाहेर गवळ्यांची चार-पाच घरं दिसली. त्यांतले वडीलधारे म्हणजे नाना. उंच, काटक, बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून लांब बघायची सवय. त्यांच्या म्हशी गोठ्यात उन्हाने धापा टाकत होत्या. मी विचारलं, "नाना, नदीचा डोह तर समोर दिसतोय. म्हशी पाण्यात का नाही?"

नानांनी हात वर करून दाखवलं. समोर काटेरी तारेचं कुंपण, त्यात लोखंडी फाटक, फाटकाला साखळी. "हाई ढोरेसनी वाट व्हती," ते म्हणाले. "मना आजाना आजा हाईच वाटथीन पानीवर जाये."

झालं होतं असं, की गावातले मोठे जमीनदार आबा, त्यांनी वाटेच्या दोन्ही बाजूंची वावरं हळूहळू विकत घेतली आणि मधली वाटही आपल्याच पपईत मिळवून टाकली. तहसिलीत अर्ज होता. त्याला तारखा पडत होत्या. तोवर म्हशींना डोहावर न्यायचं तर हायवेवरून मोठा वळसा होता. मागच्या उन्हाळ्यात त्या हायवेवर ट्रकखाली नानांची एक म्हैस गेली, आणि तिला हाकायला धावलेली नानांची सून अगदी हातभर अंतराने वाचली. तेव्हाच नानांनी घरात सांगून टाकलं होतं: हा उन्हाळा शेवटचा. वाट सुटली नाही तर पावसाळ्याआधी सगळ्या म्हशी बाजारात.

"मग तुम्ही काय करणार, नाना?"

"काय करसू? गवळीना घरमा म्हैस नही, तं मंग गवळी कसाना?"

परत निघालो तर हिलाल म्हणाला, "भाऊ, स्टोरी लिखानी गरज नही. आठेच पडेल शे."

गोष्ट तिथेच आयती पडलेली होती खरी, पण त्या फाटकाशिवाय सिनेमा होणार नव्हता आणि फाटक होतं आबांचं. म्हणून आम्ही त्यांच्या ओसरीवर गेलो. आबा म्हणजे भरघोस मिशा, पांढरे शुभ्र कपडे, आवाज असा की हाक मारली तर बैलही बसल्या जागी उठतील. माणूस वाईट नाही. गावात कोणी आजारी पडलं तर यांचीच जीप आधी निघते. फक्त जमिनीचा विषय आला की त्यांचं मन तारेच्या आत जायचं. त्यांची थोरली बहीण अक्का त्याच घरात राहते. आबांना लहानपणापासून तिनेच वाढवलं. ती दारात सूप घेऊन बसली होती, आणि तिथूनच सगळं ऐकत होती.

मी म्हटलं, "आबा, सिनेमा काढतोय. गुरांचा. तुमचं फाटक हवं होतं."

आबांनी मिशीवरून हात फिरवला. "आनि मना रोल काय शे?"

आता मी खरं सांगायला हवं होतं. की आबा, तुम्ही यातले खलनायक. पण इतक्या वर्षांची सवय जिभेला. ती माझ्याआधीच बोलून मोकळी झाली, "आबा, तुम्हीच मेन!"

हिलालने माझ्याकडे पाहिलं. कारण तेच मी त्याला आदल्या दिवशी सांगितलं होतं. आणि नानांना त्या सकाळी.

अशा रीतीने माझ्या सिनेमात तीन हीरो झाले. हिलालच्या मते गोष्ट एका शूर घोडेस्वाराची होती. नानांच्या मते वाट गमावलेल्या गवळ्याची. आणि आबांच्या मते? गुरांच्या झुंडी अंगावर येत असताना एकटा छातीठोकपणे आपलं वावर राखणाऱ्या करारी माणसाची. तिघंही आपापल्या सिनेमात काम करत होते. मी एकटा मधे, तिघांना तीन वेगळ्या गोष्टी समजावत.

सिनेमाचं नाव ठेवलं 'ढोरेसनी वाट'. शेवट मी लिहिला होता, की जमीनदार हरतो, गुडघ्यावर येतो आणि फाटक उघडलं जातं. आबांना ऐकवला.

"कोन गुडघावर येस?"

"तुम्ही, आबा."

"मी?" आबा उभेच राहिले. "बठ्ठा गावसमोर?"

मी घाईने म्हटलं, "तसं नको. तुम्ही स्वतः उघडता. मोठा माणूस, मोठं मन."

आबा खाली बसले. विचार करून म्हणाले, "उघडसू. पन रीतभात करीसन. नारळ फोडसू. अक्का आरती करी. पहिल्या म्हशीले पुरणपोळी दीसू." सूप पाखडता पाखडता अक्का म्हणाली, "मी कोनतं लुगडं नेसू, ते सांग."

पोळ्याला बैलाची करतात तशी म्हशीची पूजा. मला ते फारच आवडलं. असा शेवट कुठल्याच गोऱ्या माणसाला सुचला नसता.

शूटिंग सुरू झालं. काऊबॉयच्या टोप्या म्हणून आम्ही फवारणीच्या वेळी डोक्यावर घालतात त्या रुंद काठाच्या टोप्या आणल्या. नानांनी ती घ्यायला नकार दिला. "मनी टोपी शे," म्हणाले, आणि आपली पांढरी टोपी आणखी घट्ट बसवली. पिस्तुलं दिवाळीतली टिकल्यांची. राणी बँडशिवाय पाऊल उचलेना, म्हणून हिलालच्या दौडीची दृश्यं चालत्या पिकअपमध्ये पाण्याच्या पिंपावर त्याला बसवून घेतली. पिंप फ्रेममध्ये येऊ नये म्हणून मी कॅमेरा त्याच्या नाकावर इतका जवळ धरला की अख्ख्या दौडीत त्याच्या नाकपुड्याच दिसतात.

मग आला शेवटचा सीन. भर दुपार. फाटकाबाहेर नानांच्या म्हशी, पुढे त्यांची म्होरकी राधी. फाटकाच्या आत आबा, कोऱ्या धोतरात. शेजारी अक्का, नऊवारीत, हातात ताट. अख्खं गाव गोळा. आबांनी नारळ फोडला, साखळी काढली, फाटक ढकललं. अक्काने राधीला ओवाळलं, पुरणपोळी भरवली, आणि सगळा कळप धूळ उडवत वाटेने डोहाकडे धावला. म्हशी पाण्यात पडल्या त्याचा आवाज कुंपणापर्यंत आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी.

आबा म्हणाले, "कसं ऊनं?"

कसं आलं, विचारत होते. बंद करायला म्हणून मी बटण दाबलं. आणि तेव्हा कॅमेरा चालू झाल्याचा लाल दिवा लागला.

इथे मला पहिल्यांदा रीटेकचं सुख कळलं. "आबा, अजून जरा तेज हवं चेहऱ्यावर. उद्या परत."

दुसऱ्या दिवशी कॅमेरा चालू होता याची मी अंगठ्याने चारदा खात्री केली. पण अक्काने आरतीचं ताट उचललं आणि माझ्यातला लग्नवाला जागा झाला. मी ताटावर गेलो. ताटावरून निरांजनावर, निरांजनावरून अक्काच्या बांगड्यांवर, तिथून गर्दीत बसलेल्या एकेका वडीलधाऱ्यावर सावकाश, कोणी सुटायला नको म्हणून. परत फाटकाकडे वळलो तर एकही म्हैस नाही. सगळ्या डोहात. माझ्या सिनेमाच्या सर्वांत मोठ्या क्षणाला पडद्यावर सरपंचांचे सासरे जांभई देताना दिसत होते.

"आबा, उद्या परत."

मग एकदा लांब कोणाच्या तरी लग्नाचा बँड ऐकू आला आणि राणी नाचायला लागली. थांबेचना. मग एकदा आबाच पुरणपोळी घरी विसरून आले आणि अक्काने त्यांना सगळ्यांसमोर असं झापलं की आबांचा चेहरा दिवसभर मेनचा राहिला नाही. आबा मात्र रीटेकला एकदाही नाही म्हणाले नाहीत. रोज दुपारी कोरं धोतर. फाटक उघडायची त्यांची ऐट दिवसागणिक वाढत चालली होती.

मग माझ्या लक्षात आलं की आता नाना चुकायला लागलेत. म्हशी आत सोडल्या की ते थेट कॅमेऱ्यात बघून हसायचे.

"नाना, कॅमेऱ्याकडे बघू नका."

"बरं."

दुसऱ्या दिवशी कॅमेऱ्यात बघून हात हलवला. तिसऱ्या दिवशी टोपी काढून नमस्कार केला. मी वैतागलो. पॅकअपनंतर डोहावर गेलो तर नाना काठावर बसलेले. म्हशींची नुसती शिंगं आणि नाकं पाण्याबाहेर.

"नाना, तुम्ही मुद्दाम करताय."

नाना माझ्या डोक्यावरून लांब बघत म्हणाले, "भाऊ, उन्हाळा आजून बाकी शे. तुम्हले इतली घाई कसाले?"

मी उभाच राहिलो. मला आपली शेवटच्या सीनची काळजी. इकडे नानांच्या म्हशी रोज दुपारी आबांच्या हस्ते, नारळ फोडून, ओवाळून पाण्यावर जात होत्या. हायवेचा वळसा कधीच सुटला होता. सूनबाई निवांत घरी होती. आणि हे सगळं कशाच्या जोरावर? तर माझ्या चुकांच्या!

त्या दिवसापासून मी मुद्दाम चुकायचं ठरवलं. आणि काय सांगू तुम्हाला, जमेना! जन्मभर ज्या चुका आपणहून झाल्या, त्या करायला गेलो तर होईनात. कॅमेरा वाकडा धरला तर आभाळ, म्हशी आणि आबा असे काही रचून आले की मी स्वतःच चकित झालो. पाण्यात उतरून हलवला तर चित्र थरथरत्या उन्हासारखं सुंदर. माझ्या आयुष्यातला सर्वांत उत्तम शॉट मी बिघडवण्यासाठी घेतला आहे. शेवटी उपाय एकच उरला. कॅमेऱ्यात डोळा घालून मान हलवायची आणि म्हणायचं, "आबा, आज डोळ्यांत ते नव्हतं."

"काय नव्हतं?"

"ते."

आबा गंभीर होऊन म्हणायचे, "मंग सकाय परत." सकाय म्हणजे उद्या, आणि उद्या म्हणजे पुन्हा नारळ.

पण मेन माणसालाही कधीतरी कंटाळा येतो. एका दुपारी आबा स्वतः म्हणाले, "शूटिंगवाले, जे ऊनं ते ऊनं. आते बस." त्यांनी साखळी घातली, कुलूप लावलं. नाना पुढे झाले. "आबा, वाट?"

आबांचा आवाज तारेच्या आत गेला. "नाना, सिनेमा सिनेमा शे. वावर वावर शे."

नाना गोठ्याकडे वळले. मीही निघालो. घरी येऊन कॅमेरा कपाटात टाकला. रात्री जेवण गेलं नाही. इतके दिवस मी चुकत राहिलो ती मजा होती. आता काही करता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी हिलालचा फोन. "भाऊ, निघ. म्हशी फाटकवर उभ्या शेतस. हालत नही."

मी तसाच निघालो. पोचलो तर गाव आधीच जमलेलं. राधी फाटकाला कपाळ टेकवून उभी, मागे सगळा कळप. नाना लांब बाभळीखाली बसलेले, हातातली काठी आडवी मांडीवर. आबा फाटकाच्या आतल्या बाजूला जीपमधून उतरले. अंगावर रोजचे कपडे, तोंड लाल.

"नाना, ढोरे मांगे लई जा!"

नाना बसल्या जागेवरून म्हणाले, "मी नही आनं त्यासले. मी गोठाना दरवाजा उघडा, त्या आपल्या आपन ऊन्यात. आबा, त्यासले तुम्हीनच शिकाडं."

गर्दीत कोणीतरी हसलं. आबांनी फाटकावर हात आपटला. राधीला वाटलं, सीन सुरू झाला. तिने फाटकावरून मान आत घातली आणि आबांच्या खिशाशी नाक लावून पुरणपोळी हुंगायला लागली. आबा मागे सरकले. ती आणखी पुढे. फाटक करकरलं.

"काठी मार ना कोनी तिले!" आबा ओरडले. कोणी हललं नाही. ऊन असं, की मधे उभ्या माणसाची सावली पायाखाली गेलेली. सगळ्या सिनेमांत शेवटी असतं तसं दोघं समोरासमोर. फक्त एका बाजूला आबा आणि दुसऱ्या बाजूला म्हैस.

तेवढ्यात गर्दी फाटली आणि अक्का आली. नऊवारी, हातात ताट, निरांजन पेटलेलं.

आबा म्हणाले, "अक्का, तुले कोनी सांगं नही का? सिनेमा सरना."

"माले मालूम शे," अक्का म्हणाली. "सिनेमा सरना. म्हशीसनी तहान सरनी का?"

आबांनी ताटातल्या निरांजनाकडे पाहिलं.

"इतला दिन तुन्या हातथीन वाट उघडी," अक्का म्हणाली, "बठ्ठा गावनी पोरे मना पाय पडत. म्हनत, अक्का, तुना भाऊ देवमानूस शे. आते काय सांगू त्यासले? तो कॅमेराकरता देवमानूस व्हता?"

आबांनी मान वळवून गर्दीत मला शोधलं. "शूटिंगवाले, कॅमेरा कोठे शे?"

मी रिकामे हात पुढे केले. "घरी राहिला, आबा."

खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला वाटलं माझ्या सगळ्या चुकांत हीच मोठी. कॅमेरा असता तर मी म्हटलं असतं, आबा, अजून एक टेक. आणि त्यांनी मेनसारखं फाटक उघडलं असतं. आता बघणारं कोणी नव्हतं. फक्त गाव, एक म्हैस आणि बहीण.

आबांनी राधीच्या नाकाकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली. कुलूप काढलं. साखळी ओढून काढली ती नुसती सोडली नाही, तर पपईच्या ओळीत लांब फेकून दिली. आणि फाटक ढकललं. ना ऐट, ना मिशीवर हात. धुरळ्याने त्यांचा सदरा भरला. म्हशी त्यांना दोन्ही बाजूंनी घासून डोहाकडे धावल्या आणि आबा मधे उभे, दगडासारखे. शेवटची म्हैस गेल्यावर नाना आत आले. फक्त "राम राम, आबा" म्हणाले.

"राम राम," आबा म्हणाले. "सकाय येयस ना?"

"येसू ना!" नाना म्हणाले, आणि मग गावाने जो गलका केला तो हायवेपर्यंत गेला असेल.

सिनेमा आम्ही तालुक्याच्या मंगल कार्यालयात दाखवला, लग्नात लावतात त्या मोठ्या एलईडी भिंतीवर. पहिल्या अर्ध्या भागात लोकांनी आबांना इतक्या मनापासून शिव्या घातल्या की मी खुर्ची सरकवत सरकवत दारापाशी आलो. शेवटी फाटक उघडलं तेव्हा शिट्ट्यांनी भिंत हलली. बाहेर निघताना आबांनी माझी कॉलर धरली.

"शूटिंगवाले, तू म्हने, मी मेन शे."

"होच की, आबा."

"मंग लोकेसनी शिव्या माले काब्र दिध्यात?"

मी म्हटलं, "आबा, मेन माणसालाच देतात. बाकीच्यांना कोण विचारतं?"

आबा हसले ते इतके की त्यांच्या मिशा एलईडीच्या उजेडात हलताना दिसल्या. पुढच्या आठवड्यात ते स्वतः तहसिलीत गेले आणि वाट ही गुरांचीच आहे असं सांगून आले. नानांच्या म्हशी बाजारात गेल्या नाहीत. सिनेमा मोबाइलवर किती जणांनी पाहिला हे हिलाल मला रोज सांगतो. मी ऐकून घेतो. लोक खाली लिहितात, दौडीत घोडा का दिसत नाही. मी उत्तर देत नाही.

या उन्हाळ्यात तिकडून चाललो होतो म्हणून वळलो. नानांबरोबर आता शेजारच्या वाडीतलीही गुरं त्याच वाटेने उतरतात. सूनबाई कळपाच्या मागे मोबाइलवर बोलत निवांत चालली होती. आबा पपईच्या सावलीला खाट टाकून येणाऱ्या-जाणाऱ्याचा राम राम घेत होते. फाटक काढून टाकलेलं. पण त्याचे दोन्ही लोखंडी खांब तसेच उभे. खालच्या अंगाला घासून घासून चकचकीत, आरशासारखे.

मी म्हटलं, "आबा, खांब काढून टाका ना. आता कशाला ठेवलेत?"

राधी एका खांबाला मान टेकवून डोळे मिटून खाजवत होती. आबा तिच्याकडे बघत म्हणाले, "राहू दे. म्हशीसले आंग घासाले व्हतस."